अंगासरशी

नव्या टायरला एक वास असतो, आणि तो घरात शिरला की घराचं वय उतरतं. मयूर विहारच्या फेज वनमधल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात तो आश्विनातल्या एका दुपारी आला. बाहेर सातवीण फुलली होती, तिचा जड, गोडसर, डोक्यात चढणारा दरवळ बाल्कनीच्या जाळीतून आत येत होता, जिन्यात कुणाच्या तरी घरची मोहरीच्या तेलाची फोडणी रेंगाळत होती, आणि त्या दोन्हींना हळूच बाजूला सारत पुठ्ठ्याच्या लांबरुंद खोक्यातून हा तिसरा वास उठला, काळा, कोवळा, रस्त्याला अजून न टेकलेला. मी खोक्यापाशी फरशीवर बसले आणि नुसता श्वास घेत राहिले.

कात्रीची घाई नव्हती.

पावसानं धुतलेलं आणि थंडीच्या धुरक्यानं अजून न मळलेलं ऊन दिल्लीला वर्षातून जेमतेम पंधरवडाभर मिळतं. त्या उन्हात फोमच्या गुंडाळ्यांतून एकेक भाग मोकळा होत गेला: राखी रंगाची अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा काळा फोर्क, पुढे जाऊन खाली वळणारं आणि वळता वळता पुन्हा माझ्याकडे येणारं हँडल, दोन चाकं, अरुंद लांबट खोगीर, एका डबीत पायडलं. फ्रेम उचलली तर हाताला वजनच कळेना. उन्हात धरली तेव्हा राखी रंगाच्या आतून निळा उमटला, सावलीत नेली तेव्हा तो विझला, आणि मी पुन्हा उन्हात आले.

झंडेवालानच्या सायकल बाजारातले कारागीर अशी सायकल बोलता बोलता उभी करून देतात. त्यांच्या हातांबद्दल मला फार आदर आहे. पण मला ती माझ्या हातांनी उभी करायची होती, आणि माझ्या अंगाला बसवायची होती, ती मात्र घाईशिवाय, एकेका मिलिमीटरनं.

पुण्यात, माझ्या लहानपणी, माप सायकलीला असायचं, बसणाऱ्याला नसायचं. बावीस इंची की चोवीस इंची, लेडीज की जेन्ट्स, एवढं विचारलं की चौकशी संपली. गल्लीतली पोरं तासाच्या भाड्यानं मोठी सायकल आणायची आणि दांडीखालून, नळ्यांच्या त्रिकोणातून पाय घालून, अर्धं अंग हवेत लटकवून वाड्याभोवती गरागरा फिरायची. मला आत्याची लेडीज सायकल मिळाली, हिरवी, मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून जाळी बसवलेली. तिचं सीट अगदी खाली उतरवूनही पायाची बोटं ताणावी लागायची, दर फेऱ्याला कंबर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे घसरायची, आणि त्या घसरण्यालाच मी सायकल चालवणं समजत होते. रविवारी बाबा ती अंगणात उलटी करायचे. वाटीभर रॉकेलमध्ये छर्रे पडलेले असायचे, काळे, मग करडे, मग एकाएकी चकचकीत; बाबा ते फडक्यावर मोजून घ्यायचे, एखादा घरंगळला तर आम्ही सगळे गुडघ्यांवर, आणि ग्रीसच्या पिवळ्या लगद्यात एकेक छर्रा बोटानं दाबून बसवताना त्यांचे ओठ किंचित उघडे राहायचे. नंतर चाक हातानं फिरवून सोडून द्यायचे. ते फिरतच राहायचं. थांबण्याआधी थोडं मागे जायचं, पुन्हा पुढे, आणि मग व्हॉल्व्हच्या जडपणानं खाली येऊन निवांत व्हायचं.

सायकल जशी होती तशी मी होत गेले.

पुढे या शहरातही तेच झालं. दिल्लीकर ज्याला जमनापार म्हणतात त्या या काठाशी मी स्वतःला जुळवत आणलं. रजईच्या वजनाशी, प्रत्येक नावामागच्या ‘जी’शी, मे महिन्यातल्या लूशी, नोव्हेंबरात डोळ्यांत चुरचुरणाऱ्या हवेशी. कुठे थोडी आखडले, कुठे ताणली गेले. तक्रार करावी असं त्यात काही नाही, माणसं अशीच राहती होतात. पण त्या दुपारी, भिंतीला पाठ लावून, अनवाणी, दोन पायांच्या मध्ये एक जाड पुस्तक खोगिरासारखं घट्ट वर ओढून धरून मी उभी राहिले, आणि नवऱ्यानं पुस्तकाच्या कडेला पेन्सिलीची रेघ मारली, तेव्हा घशाशी काहीतरी दाटलं. चौऱ्याहत्तर सेंटिमीटर. ब्लाऊजची मापं मी आयुष्यभर देत आले, चष्म्याचा नंबर दिला, रक्तदाब दिला. ज्या लांबीनं मी चालते, जिना चढते, या शहरात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते, ती लांबी कुणी कधी विचारली नव्हती.

त्या आकड्याला ०.८८३ नं गुणायचं. अमेरिकेचा ग्रेग लेमाँ आणि त्याचे फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार यांच्यामुळे हे गणित जगभर पोचलं. येतं ते क्रँक ज्याभोवती फिरतात त्या आसाच्या मध्यापासून खोगिराच्या माथ्यापर्यंतचं अंतर: माझ्यासाठी पासष्ट सेंटिमीटर आणि वर तीन मिलिमीटर. सीटपोस्टची नळी मी आत सरकवली, टेप लावला, किंचित वर घेतली, पुन्हा टेप लावला. मग टॉर्कचा पाना. तो पाच न्यूटन मीटरवर लावून ठेवला की तेवढा जोर लागताच हातात हलकेच ‘टक्’ करतो, आणि त्या ‘टक्’पुढे जायचं नसतं. हलक्या धातूला आणि कार्बनला जास्तीची ताकद सोसत नाही. बाबांच्या काळी पाना आवळताना शेवटी एक हुंकार यायचा, सगळं अंग त्या हुंकारात उतरायचं. इथे अंग मागे ठेवावं लागतं. थांबण्याचं ते बारीकसं इंद्रिय मनगटात कुठेतरी होतंच, इतकी वर्षं त्याला काम नव्हतं.

मग गुडघा.

भिंतीला टेकवलेल्या सायकलीवर मी बसले, पायडलं जमिनीला समांतर आणली, आणि नवऱ्यानं दोऱ्याला एक नट बांधून ओळंबा तयार केला. गवंडी भिंत सरळ उठली का ते पाहतात, तसाच. दोऱ्याचं वरचं टोक त्यानं माझ्या गुडघ्याच्या वाटीखाली धरलं. नट डोलू लागला, लांब, मग आखूड, मग त्याहून आखूड.

“हलू नकोस.”

“नाही हलत.”

खाली पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी मागे घेत होतं, मेट्रो पुलावरून गेली तिचा घरघराट आला आणि विरला, आणि नट थांबला. दोरा पायडलाच्या आसावरून गेला पाहिजे असं म्हणतात. हा काही निसर्गाचा कायदा नाही, जाणकार त्याला सुरुवात करण्याची एक जागा मानतात, तिथून पुढे शरीर सांगेल तसं जायचं. माझं खोगीर थोडं पुढे घ्यावं लागलं, हँडलचं स्टेम बदलून आखूड बसवावं लागलं, हँडलही खांद्यांच्या रुंदीचं, अडतीस सेंटिमीटरचं. प्रत्येक बदलानंतर मी पुन्हा बसायची, हात ब्रेकच्या हुडांवर ठेवायची, डोळे मिटायची. पाठ लांब होत होती. मानेतला एक जुना आखडलेपणा, ज्याला मी माझा स्वभाव समजत होते, तो त्या आखूड स्टेमनं सुटला. कितीतरी दुखण्यांना आपण वय म्हणतो, नशीब म्हणतो, आणि ती निव्वळ दोन सेंटिमीटरांची असतात.

पायडलं त्याआधीच बसवली होती. त्यांतलं डाव्या बाजूचं उलट्या आट्यांचं असतं. उजवं नेहमीसारखं आवळायचं, डावं उलटं. दोन्ही बाजूंना एकच आटे असते तर पाय मारता मारता डावं पायडल आपोआप सैल होत गेलं असतं. ही युक्ती स्वतःच्या सायकलींना लावणाऱ्यांत ओहायोतल्या डेटन गावचे दोन भाऊ होते, विल्बर आणि ऑर्व्हिल राईट. सायकली दुरुस्त करत, बनवत त्यांनी जे पैसे आणि जी बोटं कमावली, त्यांतून १७ डिसेंबर १९०३ चं ते उड्डाण झालं. त्या विमानाचे पंखेही चेननं आणि दातेरी चक्रांनी फिरत होते. सायकलीचं चाक तर त्याही आधी आकाशाकडे पाहून सुचलेलं. जॉर्ज केली या इंग्रजानं १८०८ मध्ये, हवेत उडवायच्या यंत्रासाठी हलकं चाक हवं म्हणून, लाकडी आऱ्यांच्या जागी ताणलेल्या तारा कल्पिल्या. तारेला दाबलं तर ती वाकते, ओढलं तर ती माणसाला पेलते. मांडीवर चाक घेऊन मी एकेक तार चिमटीत धरून पाहिली. सगळ्या सारख्या ताणलेल्या, सारख्या सुरात. रिम दोन बोटांच्या मध्ये धरून फिरवलं, कुठेही घासलं नाही. तारा कसून आऊट काढायची गरज नव्हती, तरी मी बराच वेळ ते फिरवत राहिले. दोन मिलिमीटरहून जाड नसलेल्या त्या तारांत केवढा ताण असतो, आणि त्या ताणामुळेच चाक किती शांत फिरतं.

हवा भरायलाही नवं शिकावं लागलं. आत्याच्या सायकलीच्या व्हॉल्व्हवर रबराची तोकडी नळी ओढून बसवावी लागे, ती थुंकीनं ओली केल्याशिवाय चढत नसे, आणि फाटली तर कोपऱ्यावरच्या दुकानात ती कापून मिळे. इथे बारीक, लांब, पितळी व्हॉल्व्ह, टोकाला इवलासा नट. तो सैल करून एकदा दाबला की आतली हवा ‘स्स’ करून हुंकार देते आणि मगच पंप घेते. ही हवा रबरात कोंडायची कल्पना बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या पशुवैद्यानं १८८८ मध्ये सायकलीच्या चाकांत आणली, स्वतःच्या लहान मुलाच्या तीनचाकीला धक्के बसू नयेत म्हणून. बापाच्या मायेची ती हवा. सगळं जग आज तिच्यावर चालतं, विमानंसुद्धा अशाच फुगवलेल्या टायरांवर उतरतात.

गिअर मी रात्री लावले, घर झोपल्यावर, कारण ते कानानं लावायचे असतात. सायकल दोरीनं टांगली, मागचं चाक अधांतरी. एका हातानं पायडल फिरवायचं, दुसऱ्या हातानं गिअरचा खटका. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर चढते. केबल थोडी सैल असेल तर चढता चढता अडखळते, जास्त ताणलेली असेल तर पुढच्या चक्राला घासत कुरकुरत राहते. डिरेलरच्या मागे, केबल आत शिरते तिथे, एक छोटी गोल पेच-कळ असते. ती पाव फेरा फिरवायची. ऐकायचं. पुन्हा पाव फेरा. तंबोऱ्याची खुंटी पिळून तार स्वराच्या जवळ आणली की भोपळ्यावरचा मणी केसभर सरकवून ती नेमकी जुळवतात, तशी ही कळ. आणि जुळल्याची खूणही तीच, की इतका वेळ वेगळा ऐकू येणारा तारेचा आवाज एकाएकी ऐकू येईनासा होतो, उरते ती आस. चेन छोट्या चक्रावरून मोठ्यावर, मोठ्यावरून छोट्यावर गेली, आली, गेली. बाल्कनीत फक्त एक ओली सरसर उरली. समोरच्या इमारतीत एका खिडकीत दिवा होता. तिथेही कुणीतरी जागं होतं, आपापलं काहीतरी जुळवत.

सगळ्यात शेवटी हँडलची टेप. ती खालून वर, प्रत्येक वेढ्याला आधीच्या वेढ्याची अर्धी रुंदी झाकत, सारख्या ताणात गुंडाळत न्यायची. बोटांना त्या वळणाची ओळख झाली. कुठे तळवा टेकणार, कुठे अंगठा, ते आधीच कळत गेलं.

दसरा उद्यावर आला होता. खंडेनवमीला बाबा पाने, पकडी, पंप, सगळं धुऊन पाटावर मांडायचे आणि सायकलींना झेंडूच्या माळा घालायचे. इथे आपट्याची पानं सहज मिळत नाहीत. पण मयूर विहारच्या रस्त्यांवर कांचनाची झाडं आहेत, आपट्याच्याच कुळातली, तशीच जोडपानाची. दोन पानं तोडून आणली. अ‍ॅलन कीचा संच, टॉर्कचा पाना, पेन्सिल आणि तो दोरा बांधलेला नट यांना हळदकुंकू लावलं. सायकलीच्या हँडलला पितळी घंटी बसवली होती, तिला झेंडूचं एक फूल. यमुनेपलीकडून रामलीलेच्या लाऊडस्पीकरचे तुटक संवाद येत होते. त्या सायंकाळी वेदांगी कुलकर्णीची आठवण झाली. ही आपली पुण्याची मुलगी विशीच्या उंबरठ्यावर, जुलै २०१८ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून एकटी निघाली आणि सुमारे २९,००० किलोमीटर, १५९ दिवस सायकल चालवत त्या डिसेंबरात कोलकात्याला पोचली. वाटेत कॅनडात तिच्यामागे अस्वल लागलं होतं. मला तिच्या धैर्याचं वाटतं तितकंच अप्रूप तिच्या खोगिराचं, हँडलचं, मनगटांचं वाटतं. इतके दिवस एका शरीराला एका यंत्रानं कसं सांभाळलं असेल, आणि त्या शरीरानं यंत्राला. नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ २०१७ मध्ये अमेरिकेचा एक किनारा ते दुसरा किनारा, जवळजवळ ५,००० किलोमीटर, एकट्यानं गेले. त्यांच्याही प्रवासाची पहिली रेघ अशीच कुठल्या तरी भिंतीवर पेन्सिलीनं मारली गेली असेल, असं मला वाटत राहतं.

आणि मग पहाट.

अक्षरधामच्या बाजूनं वळून मी निजामुद्दीन पुलाच्या रस्त्याला लागले तेव्हा पूर्वेकडे उजाडायचं होतं. आमच्या बाजूला घाट नाही. मुंबई-पुणे शर्यतीत खंडाळ्याचा चढ आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, त्या बोरघाटाच्या ओढीवर वाढलेल्या पायांना इथे पुलाचा एवढासा उंचवटा मिळतो. तरी तो मिळाला. एक गिअर हलका केला, चेन न बोलता चढली, पाठीपासून टाचेपर्यंत एकच लांब हालचाल सुरू झाली, तिच्यात कुठे सांधा नव्हता, कंबर घसरत नव्हती, बोटं ताणावी लागत नव्हती, आणि कितीतरी वर्षांत पहिल्यांदा मला माझं अंग कुठेही नडलं नाही. खाली यमुना होती, काळसर, संथ, तिचा तो ओळखीचा उग्र वास घेऊन; काठच्या खादरमध्ये, म्हणजे पुराच्या गाळपट्ट्यात, पालकाचे वाफे, फुलकोबी, रोपवाटिकांच्या रांगा. जुलै २०२३ मध्ये हेच पाणी २०८.६६ मीटरवर चढलं होतं आणि हे सगळे वाफे त्याखाली गेले होते; त्या दिवसांत खादरची शेतकरी कुटुंबं, गुरांसकट, आमच्या मयूर विहारच्या रस्त्याकडेला ताडपत्र्यांखाली राहत होती. आता वाफे पुन्हा हिरवे होते.

पुलावर मी एकटी नव्हते. माझ्या पुढे, मागे, समोरून, धुरकट उजेडातून काळ्या सायकली येत होत्या. कॅरिअरवर डबा, हँडलला पिशवी, कुणाच्या मागे रंगाचे डबे, कुणाच्या दांडीला करवत बांधलेली. एक जण टाचांनी पायडल मारत होता, गुडघे जवळजवळ हँडलला लागत होते. सीट दोन बोटं वर हवं होतं. त्या सीटचा नट गंजून कधीच एक झाला असणार. माझ्या राखी सायकलीवरून त्याला ओलांडून जाताना मी घंटी वाजवली, त्यानं मान हलवली. याच रस्त्यावरून २०२० च्या टाळेबंदीच्या उन्हाळ्यात माणसं चालत आणि सायकलींवर आपल्या गावी निघाली होती. पंधरा वर्षांच्या ज्योती कुमारीनं तेव्हा जखमी वडिलांना मागे बसवून गुरुग्रामहून दरभंग्यापर्यंत, सुमारे १,२०० किलोमीटर सायकल चालवली. जुनी विकत घेतलेली सायकल, तिच्या मापाची का नाही हे कोण पाहणार होतं? आणि त्याच वर्षी ३ जूनला, जागतिक सायकल दिनी, इथून जवळच साहिबाबादचा अ‍ॅटलस सायकलींचा कारखाना थांबला. ज्या काळ्या सायकलींनी निम्मा देश कामावर नेला, त्यांतल्या कितीतरी तिथून निघालेल्या.

माझ्या खोगिराचे तीन मिलिमीटर जुळवायला मला एक आख्खी दुपार मिळाली. त्या माणसाला दोन बोटं वर व्हायला कुणी वेळ देत नाही, ही गोष्ट मला त्या पहाटेपासून सोडत नाही. आता मी पाने घेऊन फिरते. कुणी थांबला, हो म्हणाला, तर नटावर तेल सोडते, थोडा वेळ बोलत बसते, आणि सीट वर घेते. उठून बसताना त्या चेहऱ्यावर काय होतं ते मी पाहिलं आहे.

निजामुद्दीन पुलापासून उत्तर प्रदेशच्या सीमेपर्यंत एक्सप्रेसवेच्या दोन्ही कडांना सायकलींसाठी अडीच मीटरची पट्टी ठेवलेली आहे. २०१८ मध्ये हा रस्ता खुला झाला तेव्हा ती मोजून आखली गेली. सकाळी कोंडी झाली की मोटारसायकली तिच्यात शिरतात. तुम्ही कधी त्या बाजूनं गाडी घेऊन आलात, पुढे रस्ता तुंबलेला दिसला आणि कडेची ती पट्टी मोकळी वाटली, तर कृपा करून तिच्यात घुसू नका. तिथून कुणीतरी आधीच कामावर निघालेलं असतं.